शेजारची शिट्टी

मार्च २०१२ मध्ये तीन दिवस माझं नाव 'साउंड' होतं. 'साउंड, रेडी?' 'साउंड, तुझी सावली पडतेय भिंतीवर.' 'अरे साउंडला चहा दिला का कुणी?' सेटवर माणसांची नावं गळून पडतात आणि खाती उरतात. आमच्या टीममध्ये दिग्दर्शक होता, कॅमेरा होता, एडी (म्हणजे सहायक दिग्दर्शक) होती, आर्ट होती, प्रॉडक्शन होता, एडिट होता. सातवी मी. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे आणि तिथे आजही आम्ही एकमेकांना याच नावांनी हाक मारतो. म्हणून इथेही तीच ठेवते. त्यातल्या दोघांना आता मुलं आहेत, त्यांनी हे वाचलं तर उगाच गोंधळ नको.

साउंड मी मागून घेतलं नव्हतं. खाती वाटायची मीटिंग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होती आणि मी पाऊण तास उशिरा पोचले. तोवर दिग्दर्शन गेलं होतं, कॅमेरा गेला होता, एडिटसुद्धा गेलं होतं. 'साउंड उरलंय,' एडी म्हणाली. ताटात शेवटचा गार झालेला वडा उरावा तसं. मी घेतलं. तेव्हा मला वाटत होतं की साउंड म्हणजे काठीला माइक बांधून हात वर करून उभं राहायचं. ते तसंच असतं, फक्त हात किती दुखतात ते कुणी सांगत नाही.

बीएमएमचं, म्हणजे मास मीडियाच्या पदवीचं, तिसरं वर्ष. प्रत्येक गटाने दहा-बारा मिनिटांची फिल्म करायची, असा प्रोजेक्ट. वर्गात आठ गट होते आणि आठांतल्या पाच फिल्म्समध्ये कुणीतरी म्हातारं, एकटं माणूस होतं. आम्ही सगळे विशीचे. गंभीर काही करायचं तर त्यात म्हातारपण हवं, अशी आमची समजूत. स्वतःच्या वयाच्या, स्वतःच्या घरच्या गोष्टीवर फिल्म होऊ शकते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याही फिल्ममध्ये एक आजी होती. फिल्मचं नाव सांगत नाही. ते इतकं कवितेसारखं आहे की आज उच्चारताना लाज वाटते.

गोष्ट दिग्दर्शकाने लिहिली होती आणि ती वाईट नव्हती. चाळीतलं एक जोडपं. आजी कुकर लावून देवापुढे बसते आणि आजोबा गॅलरीत पेपर वाचता वाचता शिट्ट्या मोजतात. 'तीन झाल्या गं!' एवढंच त्यांचं संसारातलं काम. आजोबा जातात. आजीचा भात रोज लागायला लागतो, कारण शिट्ट्या मोजायची सवय तिला कधी लागलीच नाही. शेवटी ती मोजायला शिकते. शेवटचा शॉट कुकरचा क्लोजअप, तिसरी शिट्टी, गॅस बंद करणारा सुरकुतलेला हात, आणि (हे दिग्दर्शकाने पटकथेत खरंच लिहिलं होतं) 'हातावर एक थेंब. पाण्याचा की अश्रूंचा, कळत नाही.'

त्या थेंबावरून आम्ही त्याला तीन दिवस छळलं.

प्रॉडक्शन गिरगावात राहायचा, मुगभाटात. त्याच्या चाळीत, त्याच मजल्यावर एक आजी राहायच्या आणि त्यांची खोली आम्हाला मिळाली. आजीही मिळाल्या. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा दिग्दर्शकाने त्यांना भूमिका समजावून सांगितली. एकटेपण, पोकळी, आठवण, वगैरे. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, 'कुकर खरा लावायचा की खोटा?'

दिग्दर्शक म्हणाला, 'पाणी घालून लावू ना आजी. शिट्टी तर होईल.'

'नुसतं पाणी शिजवायला काय मी वेडी आहे?'

त्यामुळे कुकर प्रत्येक टेकला खरा लागला, वाटीभर तांदूळ आणि वाटीभर डाळ घालून. आमच्या साडेदहा हजारांच्या बजेटमध्ये, म्हणजे सात जणांच्या दीड-दीड हजारांत, जेवणाचा खर्च जवळजवळ झालाच नाही. आम्ही टेक खात होतो. 'हा कितव्याचा?' 'पाचव्याचा. थोडा लागलाय, पण सीनच तसा होता.' आजींच्या सूनबाई, म्हणजे आमच्या काकू, बँकेतून आल्या की त्याच भाताला फोडणी द्यायच्या आणि शिवाय लोणचं, पापड, कधी पिठलं. फाळके आपला पहिला चित्रपट करत होते तेव्हा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या आणि रात्री बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर टीप लिहिली होती. काकूंचं नाव मात्र आमच्या श्रेयनामावलीत 'विशेष आभार'मध्ये होतं, आणि तेही आडनावाच्या चुकीसकट.

कुकरची शिट्टी वेळेवर होत नाही ही गोष्ट कुणीही विचारात घेतली नव्हती. नटाला 'अ‍ॅक्शन' म्हणता येतं, कुकरला नाही. एडी घड्याळ लावून बसायची. पहिली शिट्टी कधी नऊ मिनिटांनी, कधी बारा मिनिटांनी. तोवर कॅमेरा चालू ठेवावा तर कार्ड भरतं, बंद ठेवावा तर नेमकी शिट्टी निसटते. यावर उपाय आजींनीच सांगितला. त्या खुर्चीत डोळे मिटून बसायच्या आणि अचानक म्हणायच्या, 'लावा आता.' म्हणजे कॅमेरा लावा. मग तीस-चाळीस सेकंदांत शिट्टी. एकदाही चुकल्या नाहीत.

मी विचारलं, कसं कळतं?

'फुरफुर बदलते की गं. आधी जाड येते, मग बारीक होते. मग ती चकती थरथरायला लागते, टिक-टिक-टिक. तुझ्या त्या काठीला नाही ऐकू येत?'

माझ्या त्या काठीला ऐकू येत होतं. अंधेरीहून भाड्याने आणलेला शॉटगन माइक होता, रोखाल त्या दिशेचं जास्त ऐकणारा, त्याचं डिपॉझिट आमच्या बजेटच्या दुप्पट. मलाच ऐकू येत नव्हतं. मग मी माइक ओट्याच्या दिशेने वळवला, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबले आणि थांबले. जाड वाफ. एक सुस्कारा. मग वाफेच्या आत आणखी एक आवाज, शिवणयंत्राच्या सुईसारखा, आधी विस्कळीत, मग एका लयीत. मी मान वर केली तर आजी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी बोट उचललं आणि शिट्टी झाली. आवाज ऐकायला मी त्या दिवशी शिकले असं म्हणायला हरकत नाही. कॉलेजमध्ये साउंडवर दोन लेक्चर्स झाली होती, दोन्ही माइकच्या प्रकारांवर.

दहा बाय बाराची खोली. त्यात आम्ही सात, आजी आणि लाइटवाले दादा. दोन बेबी, म्हणजे हजार-हजार वॅटचे दिवे. पंखा बंद, कारण साउंड. फ्रिज बंद, कारण साउंड. फ्रिज बंद केला की आपल्या घराची किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे रात्री निघताना फ्रिज चालू करायला विसरत नाही, ही युक्ती मला माइक भाड्याने देणाऱ्याने सांगितली होती आणि ती आजवर मला मिळालेल्या उत्तम सल्ल्यांपैकी एक आहे. खिडक्यांना गोधड्या, कारण साउंड. मार्चमध्ये त्या खोलीत नऊ माणसं घामाने निथळत माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती मी विसरलेले नाही. सेटवरचं सगळ्यात नावडतं माणूस साउंडचं असतं. बाकी सगळ्यांचं काम दिसतं. साउंडवाली फक्त 'एक मिनिट, विमान जातंय' म्हणते.

लाइटवाले दादा हे आमच्यातले एकमेव जाणकार. दिव्यांबरोबर भाड्याने आलेले. पहिल्या दिवशी मॉनिटरवर खोलीतल्या ट्यूबलाइटच्या प्रकाशात काळ्या पट्ट्या सरकत होत्या आणि कॅमेरा आणि दिग्दर्शक अर्धा तास मेनू उघडझाप करत होते. दादांनी विडी विझवून आत डोकावलं. 'शटर कितीवर आहे?' साठावर. 'पन्नासवर घे. इथली वीज पन्नासची.' पट्ट्या गेल्या. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनं करतो, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. शटर पन्नासांश सेकंद उघडं राहिलं की प्रत्येक चौकटीत बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि डोळ्याला काही कळत नाही. हे मी नंतर वाचलं. दादांनी कारण सांगितलं नाही, परत जाऊन विडी पेटवली.

हेडफोन लावले की खोलीतला माणूस न् माणूस कानात येऊन बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मी संवाद ऐकतेय. मी सगळंच ऐकत होते. कॅमेरा फोकस ओढताना पुटपुटायचा, 'जा, जा, जा, थांब.' आर्टच्या पोटात दुपारी बारानंतर गुरगुरायचं. आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी, दिग्दर्शक एडीला अगदी हलक्या आवाजात म्हणाला, 'मला खरंच कळत नाहीये पुढे काय करायचं.' ते माइकच्या टप्प्यात होते. दोन मिनिटांनी तो सगळ्यांवर ओरडला. तो का ओरडला हे फक्त एडीला आणि मला माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर त्याच्या ओरडण्याचा मला राग आला नाही. बाकीच्यांना आला.

रेकॉर्डर मी फारसा बंदच करायची नाही. खरं कारण आळस. पद्धत अशी आहे की आधी 'रोल साउंड', मग 'रोल कॅमेरा', मग क्लॅप. फिल्म महाग होती आणि टेप स्वस्त, म्हणून आवाज आधी सुरू करायचा, ही त्या काळातली रीत डिजिटलमध्येही राहिली. दर वेळी एडीने 'रोल साउंड' म्हटलं की माझी बोटं घाबरून भलतंच बटण दाबायची. त्यापेक्षा चालू ठेवलेलं बरं. एका तासाला साधारण एक जीबी. तीन दिवसांचे नऊ जीबी. त्यात फिल्मचे संवाद जेमतेम चार मिनिटांचे. उरलेलं सगळं आम्ही.

गिरगावात आवाज रेकॉर्ड करणं हा मूर्खपणाच. चर्नी रोड आणि ग्रँट रोडच्या मधली प्रत्येक लोकल ऐकू येते, रात्री तर जास्तच. यात आम्ही एकटे नव्हतो हे मला फार नंतर कळलं. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, याच रेल्वेमार्गाच्या कडेला असलेल्या स्टुडिओत चित्रित झाला. दिवसा गाड्यांचा आवाज यायचा, म्हणून अर्देशीर इराणींनी रात्री एक ते चारच्या दरम्यान शूटिंग केलं, शेवटची गाडी गेल्यावर. माइक नटांच्या आसपास कुठेतरी लपवून ठेवायचे. परदेशी तंत्रज्ञ महाग पडत होता, तर इराणी स्वतःच रेकॉर्डिंग शिकले आणि स्वतःच करायला बसले. निर्माता, दिग्दर्शक आणि साउंड एकच माणूस! तो बोलपट लागला १४ मार्च १९३१ ला, गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. आमचं शूटिंग सुरू झालं १५ मार्चला. आदल्याच दिवशी त्याला एक्याऐंशी वर्षं झाली होती आणि त्या जागेवरून आम्ही दिवे घेऊन टेम्पोतून गेलो, टेम्पोवाल्याशी भाड्यावरून भांडत. 'आलम आरा'ची आज एकही प्रत उरलेली नाही. फोटो आहेत, आवाज नाही.

शुक्रवार, १६ मार्च. ही तारीख शूटिंगसाठी का निवडली, असं मी प्रॉडक्शनला अजूनही विचारते. सकाळी अर्थसंकल्प. चाळीतल्या निम्म्या टीव्हींवर अर्थमंत्री. ते एक वेळ चाललं असतं, पण दुपारी दीडला मीरपूरमध्ये भारत-बांगलादेश सामना सुरू झाला. सचिनचं नव्याण्णवावं शतक मार्च २०११ मध्ये नागपूरला झालं होतं. तेव्हापासून वर्षभर सगळा देश शंभराव्याची वाट बघत होता, आणि आमची चाळ देशापेक्षा थोडी जास्तच. एडी दारोदार जाऊन आवाज कमी करा म्हणून विनवत होती. एका काकांनी तिला चहा दिला, बसवलं, आणि मग सांगितलं, 'वर्षभर थांबलोय बाळा. तू एक दिवस थांब.'

आम्ही थांबलो नाही. दिग्दर्शकाला वाटत होतं की माइक एका दिशेने ऐकतो म्हणजे बाकीचं ऐकूच येत नाही. नऊ माणसं, गोधड्या, बंद पंखा, आणि कुकरची नुसती शिट्टी स्वच्छ रेकॉर्ड करायची म्हणून मी ओट्यापाशी वाकलेली. कारण आदल्या दिवशी शेवटच्या सीनमध्ये माझी चूक झाली होती. आजींची कुजबुज नीट यावी म्हणून मी लेव्हल वाढवून ठेवली, आणि शिट्टी झाली तेव्हा रेकॉर्डरचा लाल दिवा लागला तो विझेचना. आवाज फाटला. दिग्दर्शकाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. म्हणून ही स्वच्छ शिट्टी हवी होती.

आजींनी बोट उचललं. शिट्टी सुरू झाली. आणि त्याच क्षणी चाळ कोसळली असं वाटलं. थाळ्या, शिट्ट्या, जिन्यावरून धावणारे पाय, खालच्या वाडीत फटाक्यांची माळ. माझ्या कानात तर हेडफोन. मी काठी टाकून दिली. आजी खुर्चीतून म्हणाल्या, 'झालं वाटतं शतक?' दिग्दर्शक 'कट' म्हणाला आणि सगळ्यात आधी शेजारच्या खोलीत पळाला. मी म्हटलं, शिट्टी परत घेऊ या. ऐकायला कुणी नव्हतं. लाइटवाले दादा मात्र दिवे बंद करूनच गेले, वीज वाचवायला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. रात्री नवाच्या पुढे बांगलादेशाने सामना जिंकला. शतक झालं आणि भारत हरला. चाळीत असा सन्नाटा पसरला की मी तीन वेळा हेडफोनची वायर तपासली. टीव्ही बंद झाले, दारं लोटली गेली. एडी म्हणाली, 'आत्ता. आत्ताच.' त्या दीड तासात आम्ही जे शूट केलं तेच फिल्ममध्ये पाहण्यासारखं आहे. कुणी कुणावर ओरडलं नाही, कारण ओरडलं असतं तर सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असतं. सगळे हातवारे करून बोलत होते. ज्या टीमला दोन दिवस एक ट्रायपॉड कुठे ठेवायचा यावर एकमत करता येत नव्हतं ती टीम कुजबुजायला लागल्यावर अचानक शहाण्यासारखी वागली. मला यात काही थोर दिसत नाही. पराभवाने सगळा मजला गप्प झाला होता आणि आम्ही त्या मजल्यावर होतो, इतकंच.

अकराच्या सुमारास मी रूम टोन मागितला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिटमध्ये संवादांच्या मधली भोकं भरायला त्याच खोलीची, त्याच माणसांसकटची शांतता लागते. कोरी शांतता टाकली तर कान लगेच चमकतो. म्हणून शूटिंग संपताना सगळ्यांनी जागच्या जागी एक मिनिट न हलता उभं राहायचं. एडीने बजावलं, 'कुणी हलायचं नाही. श्वास घ्यायचा तोही हळू.' आजी खुर्चीत. दादा दाराशी. मी काठी खाली धरून.

मिनिट पूर्ण व्हायच्या आत शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. मॅचच्या नादात त्यांचा स्वयंपाक उशिरा झाला होता.

कुणी हललं नाही. मी मनातल्या मनात शिवी दिली आणि मिनिट पूर्ण होऊ दिलं.

एडिट डोंबिवलीला, एडिटच्या घरी झालं. त्याच्या आईने आमच्यासाठी दहा रात्री किती चहा केला याचा हिशेब नाही. तिथे माझं फाटलेलं पाप उघडं पडलं. क्लोजअपमधला कुकर, सुरकुतलेला हात, थेंब, सगळं सुंदर, आणि शिट्टी म्हणजे पत्रा कापल्यासारखी. स्वच्छ शिट्टी एकच होती आणि तिच्यावर सचिनचं शतक होतं. कुणाच्या तरी घरचा कुकर लावून नवी घ्यायचा प्रयत्न केला तर ती वेगळ्याच खोलीतली वाटायची. दिग्दर्शक माझ्याशी एक दिवस बोलला नाही. माझी बाजू घ्यायला जागाच नव्हती, त्यामुळे कुणी घेतलीही नाही.

आणि मग कधीतरी, रात्री दोन-अडीचला, कुणीतरी म्हणालं की शेजारची शिट्टी वापरू या.

ती भिंतीपलीकडून आलेली, बारीक, लांबची. क्लोजअपवर ती बसणारच नव्हती. म्हणून क्लोजअप काढला. हात गेला, थेंब गेला. त्याऐवजी आजींचा चेहरा, लांबून आलेली शिट्टी, आजी उठतात, ओट्यापाशी जातात. ओटा रिकामा. गॅसवर काहीच नाही. त्या उभ्या राहतात, मग परत येऊन बसतात. संपलं. उठण्याचा शॉट खरं तर पोस्टमन येतो त्या सीनमधला आणि रिकामा ओटा पहिल्या दिवशी आर्टने रेफरन्ससाठी घ्यायला लावलेला. आजींनी तिन्ही दिवस एकच साडी नेसली, दुसरी नेसायला साफ नकार दिला होता, म्हणून ते जुळलं. शॉटला शॉट असा जुळणं म्हणजे सेटच्या भाषेत कंटिन्युइटी. आर्ट त्या साडीवरून रडली होती.

दिग्दर्शक चिडून घरी निघून गेला. शेवटच्या लोकलची वेळ टळून गेलेली, त्यामुळे डोंबिवली स्टेशनवर पहाटेपर्यंत बसून राहिला. ही फिल्म आता त्याची नाही म्हणाला. दोन दिवसांनी आला, पाच वेळा बघितली आणि म्हणाला, 'ठीक आहे. पण शिट्टीनंतर दोन सेकंद वाढवा.' वाढवली. त्याचं बरोबर होतं. त्या दोन सेकंदांत ती फिल्म उभी राहते.

कॉलेजच्या सभागृहात दाखवली. शिट्टी झाली तेव्हा मागे कुणीतरी हसलं, आणि आजी उठल्यावर हसू थांबलं. बक्षीस दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला गेलं.

हे सगळं आज आठवायचं कारण तो ग्रुप. दिग्दर्शक आता जाहिराती करतो. कॅमेरा लग्नांचे व्हिडिओ करतो आणि आमच्यात सगळ्यात सुखी तोच आहे. मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीत आहे आणि माझ्या कानांचा उपयोग लोक फोनवर खोटं बोलतायत का हे ओळखायला होतो. आजी २०१७ मध्ये गेल्या. चाळ रिकामी होतेय. गिरगावात आता भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. गेल्या महिन्यात प्रॉडक्शनच्या भाच्याने, जो आता असाच कोर्स करतोय, आमची फिल्म बघून विचारलं: तो शेवट कुणाला सुचला?

ग्रुपवर चार उत्तरं आली. एडिट म्हणाला, अर्थात मला, मशीनवर मीच बसलो होतो. एडी म्हणाली, मी रात्री अडीचला म्हटलं होतं, मला वेळसुद्धा आठवते. दिग्दर्शकाने लिहिलं की पहिल्या ड्राफ्टमध्येच त्याच्या डोक्यात तसं काहीतरी होतं, यावर सगळ्यांनी त्याला थेंबाची आठवण करून दिली. चौथं उत्तर माझं. मला अगदी स्पष्ट आठवत होतं की हेडफोन काढून मीच म्हणाले, 'मग शेजारचीच घ्या ना.' चेष्टेत सुरू झालं, पण रात्री साडेअकरापर्यंत त्याला धार आली. श्रेयनामावलीचं जुनं प्रकरण निघालं. 'लेखन-दिग्दर्शन' एकट्याच्या नावावर का, हा प्रश्न बारा-तेरा वर्षं कुणीतरी जपून ठेवला होता असं दिसलं. कॅमेराने अंगठा पाठवला आणि झोपायला गेला.

मी माळ्यावरून हार्ड डिस्क काढली. चालू झाली, हेच नवल. नऊ जीबी, फाइलींना नुसते आकडे. मला पुरावा हवा होता. डोंबिवलीच्या रात्रींचं रेकॉर्डिंग नाही हे माहीत असूनही मी ऐकत बसले. तेव्हाचे आमचे आवाज किती पातळ होते. आर्टची गुरगुर होती. 'जा, जा, जा, थांब' होतं. दिग्दर्शकाची ती कुजबुजही होती, ती मी पुढे ढकलली. शतकाच्या फाइलला आवाज कमी करायला विसरले आणि घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

मग रूम टोन. एडी म्हणते, श्वास घ्यायचा तोही हळू. मी म्हणते, रोलिंग. मग ती खोली. लांब कुठेतरी चर्चगेटकडे जाणारी गाडी. घड्याळ. नऊ माणसं गप्प असण्याचा आवाज, तो नेमका कशाचा असतो सांगता येत नाही, कपड्यांचा असावा. एक्केचाळिसाव्या सेकंदाला भिंतीपलीकडची शिट्टी. खुर्ची किंचित करकरते. मग पुन्हा खोली. साठ.

'ओके, झालं,' माझा आवाज.

कुणीतरी जोरात उसासा सोडतं. 'घेऊ का गं आता श्वास?' आजी विचारतात. त्यांनी मिनिटभर तो खरंच रोखून धरला होता. सगळे हसतात, सगळ्यात मोठ्याने दादा. हसण्याच्या खाली, माइकपासून थोडं बाजूला तोंड असल्यासारखा, आजींचा आवाज पुन्हा येतो:

'मी उठतच होते. मला वाटलं, आपलाच कुकर. रोज उठते मेली, आणि बघते तर गॅसवर काही नाही.'

आणि लगेच दिग्दर्शक: 'आजी, आजी, हलू नका. कंटिन्युइटी जाईल.'